कुंभाराच्या हातातील माती

शास्त्रपाठ : यिर्मया 18:1-6



देवाने यिर्मया संदेष्ट्याला आपला निरोप ऐकविण्यासाठी मंदिरात नव्हे, कुंभाराच्या घरी पाठविले. चाकावर भांडे घडत होते आणि ते कुंभाराच्या हातातच बिघडले. त्याने ती माती उकिरड्यावर टाकली नाही. तिचेच दुसरे भांडे घडविले. रायपूर व भिलाई यांच्यामध्ये, मुंबई-हावडा लोहमार्गावर, आमचे कुम्हारी आहे. या नावात मराठी कानाला कुंभारच ऐकू येतो, म्हणून हा अध्याय येथे वाचताना विशेष जवळचा वाटतो. परंतु आज तो उघडण्याचे कारण निराळे आहे.

आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्याला, बेंगळूरुला जातात. मोठमोठ्या कंपन्या उभारणारे संस्थापक हे त्यांचे आदर्श, आणि त्या संस्थापकांवर निघालेले चित्रपट त्यांना जवळजवळ पाठ असतात. हे चित्रपट पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. उलट, आईवडिलांनी ते मुलांबरोबर बसून पाहावेत. कारण चित्रपट जे दाखवितो ते नेहमीच मुलांच्या ध्यानात राहते असे नाही.

'स्टीव्ह जॉब्स' हा 2015 चा चित्रपट घ्या. अ‍ॅपल कंपनीच्या या संस्थापकाच्या जीवनातील तीनच दिवस त्यात आहेत : 1984, 1988 आणि 1998 मधील, नवा संगणक लोकांपुढे मांडण्याचे. पडद्याआडची संभाषणे बरीचशी लेखकाने रचलेली आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यांतील एक मागणी मनात रुतून बसते. जुना सोबती वॉझनियाक वारंवार एवढेच मागतो, की ज्या मंडळींनी 'अ‍ॅपल टू' हा संगणक घडविला व ज्याच्या विक्रीवर कंपनी तगली, त्यांचा व्यासपीठावरून एकदा उल्लेख व्हावा. जॉब्स नाही म्हणतो. त्याच पडद्याआड एक लहान मुलगी उभी आहे. ती आपली नव्हेच, असे तो सांगत आला आहे. ही गोष्ट मात्र रचलेली नाही. जन्मतःच दत्तक दिल्या गेलेल्या या मनुष्याने आपल्या लेकीला, लीसाला, आरंभी नाकारले, पुढे स्वीकारले.

आणि हेही खरे, की तो स्वतः बिघडलेले भांडे होता. 1985 मध्ये त्याला आपलीच कंपनी सोडावी लागली, 1997 मध्ये तो परतला, आणि मग जे घडले ते जगाने पाहिले. त्याला पुन्हा चाकावर जागा मिळाली. ज्याला अशी दुसरी संधी लाभते त्याने दुसऱ्याला ती नाकारावी, हे मत्तयाच्या वाचकांना अनोळखी नाही. आपले प्रचंड ऋण माफ झाल्यावर सोबत्याचा गळा धरणारा दास आपण ओळखतो.

'द सोशल नेटवर्क' (2010) फेसबुकच्या जन्माची कथा सांगतो. 2004 मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात ज्याच्या पैशावर काम सुरू झाले, तोच मित्र पुढे दाव्यात समोर बसतो. चित्रपटाच्या शेवटी मैत्रीचे जाळे जगभर पसरविणारा तरुण एका मुलीकडे मैत्रीची विनंती पाठवून, एकटाच, उत्तराची वाट पाहत राहतो. हा प्रसंग कल्पित असला तरी त्याच्यातील एकाकीपण कल्पित वाटत नाही.

दोष महत्त्वाकांक्षेचा आहे काय? मला तसे वाटत नाही. कष्ट, चिकाटी, कलाकुसरीचे वेड ही देवाची दाने आहेत; निवासमंडप घडविणारा बसालेल अशाच दानांनी भरला होता. दोष येथे आहे, की मनुष्य स्वतःला कुंभार समजू लागतो आणि भोवतालच्या माणसांना माती. यिर्मयाच्या दृष्टान्तात संस्थापकासाठी वेगळी जागा नाही. तोही मातीच.

आपल्या मराठीतही असा एक चित्रपट आहे, आणि तो मला या दोहोंहून अधिक शिकवून जातो. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) दादासाहेब फाळक्यांच्या धडपडीवर आहे. मुंबईत ख्रिस्तजीवनावरचा मूकपट पाहूनच फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. 3 मे 1913 रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तो उभा राहिला कशावर? विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्यांनीच फिल्मला छिद्रे पाडली आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. मोकाशींच्या चित्रपटात त्या पडद्याआड राहत नाहीत. तेथील घर हसत हसत कारखाना होते, म्हणून तो कारखाना घराला गिळत नाही.

आमच्या शेजारच्या भिलाईत 1959 च्या फेब्रुवारीत पोलादाची पहिली झोतभट्टी पेटली. विदर्भातून आलेल्या किती मराठी कुटुंबांनी तेथे आयुष्य वेचले! त्या कारखान्याचा कोणी एक संस्थापक सांगता येत नाही, आणि तरीही लोहमार्गाचे रूळ तेथून देशभर गेले.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू या. जयंतीचे अंक काढताना आपण काय करतो? पहिल्या पानावर संस्थापक मिशनरी, दुसऱ्यावर संस्थापक पाळक, आणि मग देणगीदार. नहेम्याने यरुशलेमेच्या तटाचा अहवाल निराळा लिहिला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, शल्लूमाबरोबर त्याच्या कन्या आहेत. कामाला मान न लवविणाऱ्या तकोवाच्या सरदारांचीही नोंद आहे. कन्यांची नावे मात्र तेथेही राहून गेली. आपल्या मंदिराच्या पायासाठी ज्या स्त्रियांनी विटा वाहिल्या, त्यांची नातवंडे अजून आपल्या बाकांवर बसतात. पुढचा अहवाल छापण्यापूर्वी त्यांना आजीचे नाव विचारून घ्यावे.