ऊर्जा उरते, मग माणूस उरतो का?

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. ऊर्जा अक्षय्यतेचा हा नियम माध्यमिक शाळेत शिकवला जातो. त्याच वयात मुलांच्या कानावर आणखी एक वाक्य पडत असते. प्रवचनात किंवा घरात कोणी गेल्यानंतरच्या बोलण्यात कोणीतरी म्हणते, की ऊर्जा मरत नाही हे विज्ञानच सांगते, मग आत्मा तरी कसा मरेल? पहिले वाक्य भौतिकशास्त्राचे आहे, दुसरे तत्त्वज्ञानाचे. पहिल्यावरून दुसरे खरोखर निघते का, हे ठरवायचे तर आधी ऊर्जा म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे लागते आणि मग या प्रश्नावर आपल्याकडे झालेला विचार तपासावा लागतो.

दोन्ही गोष्टींसाठी फर्दापूरचा परिसर सोयीचा आहे. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरला की सोयगाव तालुक्यातले हे गाव लागते. गावाजवळच्या फाट्यावरून अजिंठा लेण्यांकडे जाता येते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरच्या बेसाल्टच्या कड्यात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी, म्हणजे क्रमांक ९ आणि १० ची चैत्यगृहे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली मानली जातात. बाकीची बहुतेक पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात खोदली गेली. सगळे काही अनित्य आहे ही शिकवण इथल्या भिंतींवर चितारलेली आहे, आणि ऊर्जेची बरीच रूपेही याच दरीत दिसतात.

पावसाळ्यात वाघूर लेण्यांच्या वरच्या अंगाला धबधब्यांनी खाली उतरते. वरच्या पाण्याजवळ उंचीमुळे स्थितिज ऊर्जा असते. १ किलो पाणी १ मीटर खाली आले की सुमारे ९.८ जूल (जूल हे ऊर्जेचे एकक) स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते. कुंडात आदळल्यावर तिचा थोडा भाग आवाजात आणि बाकीचा उष्णतेत जातो. त्यामुळे पाणी किंचित तापते. पण ते एक अंश सेल्सिअसने तापायला सुमारे ४२७ मीटरची उडी लागेल, म्हणून हातापायांना हा फरक कधी जाणवत नाही.

लेणे कोरणाऱ्या पाथरवटाकडे पाहिले तर ऊर्जेची साखळी आणखी लांब दिसते. सूर्यप्रकाशाची ऊर्जा ज्वारीच्या पानांनी रासायनिक ऊर्जेत साठवली, भाकरीतून ती त्याच्या स्नायूंत गेली, आणि स्नायूंनी हातोडा उचलला. २ किलोचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगाने छिन्नीवर बसला, तर त्या क्षणी त्याची गतिज ऊर्जा २५ जूल असते. तिच्यातला थोडा भाग खडकाचे बंध तोडण्यात खर्च होतो. उरलेल्यातून ठणठणाट होतो, कपच्या उडतात, छिन्नीचे टोक गरम होते. आत अंधार म्हणून दिवा लावला, तर एक ग्रॅम तेल जळताना सुमारे ३७ हजार जूल बाहेर पडतात. त्यातला अगदी थोडा अंश प्रकाश होतो आणि बाकी सगळी उष्णता.

या सगळ्या रूपांना एकाच मापाने मोजता येते हे माणसाला १८४० च्या दशकात उमगले. जावा बेटाकडे गेलेल्या जहाजावरचा जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर याने उष्ण हवामानात खलाशांचे शिरांतले रक्त अधिक लाल दिसते हे पाहून अन्न, उष्णता आणि श्रम यांचा संबंध जोडला. त्याचा लेख १८४२ मध्ये आला. इंग्लंडमध्ये जेम्स जूलने खाली येणाऱ्या वजनाने पाण्यात पाती फिरवून किती कामातून किती उष्णता मिळते हे मोजले. हर्मान हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये हा नियम सर्वसाधारण रूपात मांडला. पुढे १९१८ मध्ये एमी नोएदर या गणितज्ञ विदुषीने त्याच्या मुळाशी असलेले कारण दाखवले: निसर्गाचे नियम काल, आज आणि उद्या सारखेच असतात, म्हणून ऊर्जेची बेरीज कायम राहते.

इथे नियमाचे स्वरूप नीट ध्यानात घ्यायला हवे. ऊर्जा ही तेलासारखी किंवा वाफेसारखी वस्तू नाही. ती मोजून काढायची एक राशी आहे. उंची, वेग, तापमान, रासायनिक बंध यांवरून प्रत्येक रूपाचा आकडा काढायचा आणि बेरीज करायची. ज्या व्यवस्थेत बाहेरून काही येत नाही आणि बाहेर काही जात नाही, तिथे ही बेरीज बदलत नाही. सावकाराच्या खतावणीत एकूण रक्कम जुळते, पण कोणता रुपया कोणाच्या हातून आला हे त्या आकड्यावरून कळत नाही. जूलचेही तसेच आहे. धबधब्यातून आलेला जूल आणि दिव्यातून आलेला जूल एकदा उष्णतेत मिसळले की त्यांच्यावर मूळची कसलीही खूण राहत नाही.

भारतीय दर्शनांनी ‘बदलातून काय टिकते’ हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला होता. कार्य हे कारणात आधीपासूनच असते, नवे काही उत्पन्न होत नाही, असे सांख्यांचे म्हणणे. आत्मा जन्मत नाही आणि मरत नाही, असे गीता सांगते. चार महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते आणि देहाबरोबर संपते, असे चार्वाकांचे मत. बौद्धांनी या सगळ्यांपेक्षा वेगळी वाट धरली: टिकणारा आत्मा नाही, तरीही सगळे एकाएकी शून्य होते असेही नाही, एका कारणातून पुढचे कार्य निघते आणि साखळी चालू राहते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर भवचक्राचे चित्र आहे. त्याचा बराचसा भाग झडला असला, तरी जन्ममरणाचे हे भलेमोठे चाक आजही ओळखता येते.

ही वाट ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात अगदी स्वच्छ दिसते. वायव्येकडचा ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगवेगळे दिवे जळत होते का? तसेही नाही. दर क्षणी नवे तेल जळते, नवी ज्योत होते. चालू राहते ती प्रक्रिया. मज्झिम निकायातल्या महावेदल्ल सुत्तातही हाच दिवा येतो. आयुष्य उष्णतेवर अवलंबून आणि उष्णता आयुष्यावर, जसे ज्योत आणि तिचा उजेड, असे बुद्धांचे शिष्य सारिपुत्त तिथे सांगतात.

विसाव्या शतकात ही चर्चा ऊर्जेच्या नियमापर्यंत आणली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्मावर स्वतंत्र विवेचन आहे. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न ते वेगळे करतात. पृथ्वी, आप, तेज, वायू ही देहातली द्रव्ये मृत्यूनंतर विश्वातल्या आपापल्या समूहात मिसळतात. देह ऊर्जा उत्पन्न करणे थांबवतो आणि देहातून गेलेली ऊर्जा विश्वाच्या साठ्यात जाते. म्हणून आत्म्यापुरते बुद्ध उच्छेदवादी, म्हणजे मृत्यूनंतर काही उरत नाही असे मानणारे, होते, द्रव्यापुरते नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या अर्थाने घेतला तर पुनर्जन्म विज्ञानाशी जुळतो, असे ते म्हणतात. तोच माणूस पुन्हा जन्मायचा तर तीच सारी द्रव्ये पुन्हा एकत्र यावी लागतील. वेगवेगळ्या मृतांची द्रव्ये मिसळून नवा देह झाला तर जन्म होतो, पण त्याच व्यक्तीचा नव्हे.

भौतिकशास्त्राच्या बाजूने या मांडणीत एकच भर घालावी लागते. ‘देह ऊर्जा उत्पन्न करतो’ याचा अर्थ ‘अन्नातल्या रासायनिक ऊर्जेचे रूपांतर करतो’ असा घ्यायचा. विश्रांती घेणारा प्रौढ माणूस सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता बाहेर टाकतो. त्यातला पाचवा हिस्सा एकट्या मेंदूचा असतो. आता मृत्यूच्या क्षणाआधी आणि क्षणानंतर देहाची ऊर्जा मोजली असे समजू. आकडा जवळजवळ तोच येईल. १० किलो चरबीत साठलेली सुमारे ३८ कोटी जूल ऊर्जा, म्हणजे विजेच्या १०० युनिटांहून थोडी अधिक, दोन्ही वेळी जागच्या जागी असते. पुढे चितेत तिचे उष्णता आणि प्रकाश होतात, किंवा मातीत सूक्ष्मजीव ती वापरतात. मृत्यूत थांबतो तो तिचा शिस्तबद्ध प्रवाह: श्वास, रक्त, पेशींतले रूपांतर, मेंदूतले संदेश. म्हणून ‘शरीरातली ऊर्जा निघून गेली आणि तीच आत्मा’ हे म्हणणे मोजमापाला उतरत नाही.

ऊर्जा उरली म्हणून रचना उरत नाही, याचा पुरावा अजिंठ्याच्याच इतिहासात आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे इथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या या प्रती १८६६ च्या आगीत बहुतांशी जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती तयार केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीला बळी पडल्या. कापड आणि तेलरंग यांतली रासायनिक ऊर्जा उष्णता झाली, हवेत पसरली. जमाखर्चात एका जूलचीही तूट आली नाही. चित्रे मात्र गेली.

याचे कारण उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात आहे. सादी कार्नोने १८२४ मध्ये त्याची पायवाट पाडली आणि रुडॉल्फ क्लाउसियसने १८५० नंतर तो मांडला. ऊर्जा आपणहून पसरत जाते आणि पसरलेली ऊर्जा पुन्हा कामाला येणे अवघड होत जाते. या पसरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. कुंडातले कोमट पाणी उलटे उडी मारून धबधब्याच्या माथ्यावर जात नाही. पहिला नियम बेरीज टिकते असे सांगतो. दुसरा नियम रूप टिकत नाही असे सांगतो. अनित्यतेच्या शिकवणीला विज्ञानात जवळचे काही शोधायचे असेल तर ते या दुसऱ्या नियमात सापडते. अर्थात बुद्धांची अनित्यता दुःख आणि आसक्ती यांबद्दल बोलते, उष्णतेबद्दल नव्हे; म्हणून दोन्ही एकच आहेत असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल.

जे सावकाश विस्कटते त्याला काळजीने जपता मात्र येते. प्रकाश स्वतः ऊर्जा आहे. जास्त तीव्र प्रकाश, विशेषतः अतिनील किरण, चित्रांतले सेंद्रिय घटक तोडतो. माणसांच्या श्वासाने आणि अंगाच्या उष्णतेने बंद दालनातली आर्द्रता बदलते. म्हणूनच चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश वापरू देत नाहीत, दिवे मंद असतात, आणि धूर दूर राहावा म्हणून पर्यटकांची वाहने फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबवून पुढे बसने नेले जाते. २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात भिक्षू बुद्धभद्राने डोंगरातले स्मारक यावच्चंद्रदिवाकरौ, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, टिकावे अशा अर्थाचे म्हटले आहे. सूर्यही कायमचा नाही. त्याचे इंधन आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. तेव्हा अनित्यता मानणाऱ्या भिक्षूनेही टिकवण्याची इच्छा धरली, आणि त्यात विसंगती नाही: जे आपोआप टिकत नाही त्यालाच तर जपावे लागते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावरून आत्म्याचे अमरत्व सिद्ध होत नाही, कारण नियम एका बेरजेबद्दल आहे आणि त्या बेरजेत कोणाचे नाव, स्मृती किंवा कर्म नोंदलेले नसते. याच नियमाने आत्मा खोटाही ठरत नाही; जे जूलमध्ये मोजता येत नाही त्यावर तो काहीच बोलत नाही. आत्मा मानणाऱ्याने तो श्रद्धेच्या, अनुभवाच्या किंवा तर्काच्या आधारावर मानावा, त्यासाठी भौतिकशास्त्राची साक्ष काढू नये. दोन्ही नियमांतून खात्रीने निघते ते एवढेच, की देहातले द्रव्य आणि ऊर्जा विश्वाच्या व्यवहारात परत जातात, आणि जी रचना म्हणून माणूस जगतो ती मर्यादित काळासाठीच उभी राहते. तिचे मोल या मर्यादेमुळे कमी होत नाही, वाढते. आणि म्हणूनच माणसाने माणसाशी कसे वागावे हा प्रश्न मृत्यूनंतरच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा ठरतो.