एकादशी प्रकृतीसाठी करावी काय?

अलीकडे कीर्तन-प्रवचनांत, आणि चार वारकरी एकत्र बसले म्हणजे त्यांच्या बोलण्यातही, एक विचार वारंवार कानी येतो. एकादशी का करावी? तर पंधरा दिवसांतून एकदा पोटाला विसावा मिळतो म्हणून. वारीला का जावे? तर अडीचशे किलोमीटर चालणे होते, मोकळी हवा मिळते, म्हणून. भजनाने श्वास सुधारतो, टाळी वाजविल्याने रक्त खेळते, तुळस तर औषधीच! सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. शिकलेल्या मुलाला पटेल अशा भाषेत त्याला या वाटेवर आणावे, एवढेच त्याच्या मनात असते. पण हेतू चांगला असला म्हणजे विचार खरा होतो असे नाही. हा विचार आपल्याला कुठे नेऊन सोडतो, ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

पहिल्याने वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. कारण नाव त्याचे घेतले जाते, पण त्याला विचारीत कोणी नाही. वाग्भटाचार्यांच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. वर्षाचे सहा ऋतू. कोणत्या ऋतूत कोणता दोष साचतो, कोणता उसळतो, जठराग्नी केव्हा प्रबळ, केव्हा मंद, आणि त्याप्रमाणे काय खावे, किती श्रम करावे, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. हेमंतात अग्नी प्रदीप्त असतो. पावसाळ्यात तो मंदावतो आणि वात बळावतो. म्हणून जुने धान्य खावे, हलके खावे, पाणी उकळून प्यावे. उन्हाळ्यात बळ क्षीण असते; तेव्हा व्यायाम वर्ज्य, ऊन वर्ज्य. पावसाळ्यात नदीचे पाणी नको, दिवसा झोप नको, आणि श्रमही नकोत.

आता हे घेऊन आषाढीच्या वाटेवर उभे राहा. ज्येष्ठ वद्यात देहूहून आणि आळंदीहून पालख्या निघतात. महिन्यांच्या हिशेबाने ज्येष्ठ-आषाढ हा वाग्भटांचा ग्रीष्म; आणि आभाळाकडे पाहाल तर मृग लागून गेलेला, म्हणजे वर्षा. ग्रीष्म धरा की वर्षा धरा, श्रम दोन्हींत वर्ज्य! आणि आपला वारकरी नेमका तेव्हा दिवे घाट चढतो, भिजल्या धोतराने सासवडला पोहोचतो, आणि शेवटी चंद्रभागेत, म्हणजे ऐन पावसाळ्यातल्या गढूळ नदीत, बुडी मारतो. प्रकृतीसाठीच चालायचे असते तर माघी किंवा चैत्री बरी. कारण शीतकाळ आणि वसंत हेच व्यायामाचे दिवस, आणि तेव्हाही तो अर्ध्या शक्तीने करावा असे शास्त्र सांगते. आषाढी वारी पूर्वजांनी आरोग्यासाठी योजिली असे जे म्हणतात, त्यांनी एक तर वाग्भट वाचला नाही किंवा वारी केली नाही.

एकादशीचेही तेच. वर्षातून चोवीस एकादश्या, अधिक मास आला की सव्वीस. त्या साऱ्या ऋतूंतून फिरतात. आषाढ-श्रावणात अग्नी मंद असतो, तेव्हा लंघन सोयीचे आहे, आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडण्याची चालही त्याला मिळतीजुळती आहे. पण मार्गशीर्षातल्या एकादशीचे काय? तेव्हाचा प्रबळ अग्नी, इंधन न मिळाले तर शरीरातले धातूच पचवू लागतो, म्हणून तेव्हा पोटभर स्निग्ध अन्न घ्यावे, असे शास्त्र म्हणते. तरीही माळ घातलेला माणूस त्या दिवशी उपवासच करतो. एका दिवसाने त्याचे काही बिघडत नाही ही गोष्ट वेगळी. शिवाय आपला हल्लीचा उपवास म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. साबुदाणा, बटाटा, रताळे, दाण्याचे कूट! साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, रताळे आणि भुईमूग ही सारी मूळची दक्षिण अमेरिकेकडची. ज्ञानोबारायांनी यातले काहीच पाहिले नसेल. तुपात परतलेल्या खिचडीला पोटाचा विसावा म्हणायला मोठीच श्रद्धा लागते.

तेव्हा हा पक्ष आपल्याच आधाराने पडतो. आणि तो पडला म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. एकादशी देवाच्या जवळ राहण्यासाठी आहे. त्या दिवशी खाण्यापिण्याची उठाठेव कमी, म्हणून भजनाला अवसर जास्त. वारी भेटीसाठी आहे. मुलगी माहेरी जाते ती हवापालटासाठी नव्हे. तिथे चार दिवसांत तिचा चेहरा उजळतो हे खरे. पण चेहरा उजळावा म्हणून ती जाऊ लागली, तर माहेर आणि थंड हवेचे ठिकाण यात फरक तो काय उरला? प्रकृतीसाठी धरलेला नेम प्रकृतीसाठीच सुटतो. उद्या एखादा डॉक्टर म्हणाला, की उपवासापेक्षा रोज दोन घास कमी खा, तर हा मनुष्य एकादशी सोडील. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

याहून वाईट असा एक परिणाम आहे, आणि त्यासाठीच हे लिहावेसे वाटले. नामाने, नेमाने शरीर निरोगी राहते असे एकदा ठरले, की जो आजारी पडला त्याच्या नामात काहीतरी खोट होती असेही ठरते. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण पंचवीस वर्षे नेमाने वारी केलेल्या बाईला कर्करोग झाला, की शेजारपाजारी कुजबुज होते, “एवढं देवाचं करत होती, तरी असं कसं?” ती बाई अंथरुणावर तोच प्रश्न स्वतःला विचारीत असते. दुखणे आहेच, वर हा अपराध! अहो, ज्ञानोबारायांनी एकविसाव्या वर्षी, १२९६ साली समाधी घेतली. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला माउलींची कन्या मानीत. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली आणि चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. याच महाराजांनी ‘मानसायुर्वेद’ लिहिला, म्हणजे मन आणि शरीर यांचा संबंध त्यांना काही अज्ञात नव्हता. मन शांत झाले की झोप लागते, अन्न अंगी लागते, दुखणे सोसायला बळ येते. हा अनुभव कोणीही घ्यावा. पण लांब आयुष्य आणि धडधाकट देह हे भक्तीचे माप असते, तर आपण आळंदीला कशाला जातो?

मग शरीराची हेळसांड करावी काय? हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा, आणि संप्रदायात तो अधिक प्रतिष्ठित आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून जे देहाला आणि देहात असणाऱ्या भगवंताला पीडा देतात, त्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. सहाव्यात आहार, विहार, झोप, जागरण सर्व बेताचे सांगितले. ज्या देहाने चालायचे आणि ज्या तोंडाने नाम घ्यायचे, ते आपण बाजारातून आणलेले नाही. ते सांभाळणे हे देवाचेच काम. आता मधुमेहाचा रोगी घ्या. तो इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतो, आणि एकादशीला जेवत नाही. औषध पोटात गेले, अन्न गेले नाही. साखर खाली उतरते. घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच साखर तोंडात पडली नाही तर शुद्ध हरपते. हे टाळावे म्हणून कोणी त्या दिवशी औषधच बंद करतो. मग साखर वर चढते. दोन्ही धोकेच. उपवासाच्या दिवशी औषध किती आणि केव्हा, हे आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर दोन वेळा भाकरी खावी. ज्या धर्मशास्त्राच्या नावाने आपण भितो, त्यानेच व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, मुळे, फळे, दूध यांच्याबरोबर त्यांत औषधही आहे, आणि गुरूचा शब्दही आहे.

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. हृदयाचे दुखणे झाल्यावर डॉक्टरांनी चालणे बंद केले. पहिल्या वर्षी ते घरी रडले. दुसऱ्या वर्षी एस.टी.ने वाखरीला गेले, पालखी आली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि तिथूनच दर्शन घेऊन मागे फिरले. “माझी वारी चुकली का?” असे त्यांनी विचारले तेव्हा जवळच्या तरुणाने मान खाली घातली. त्याला उत्तर सुचायला हवे होते. २०२० साली साथीमुळे साऱ्या महाराष्ट्राची पायी वारी थांबली आणि माउलींच्या पादुकाच एस.टी.ने पंढरीला गेल्या. त्या वर्षी वारी चुकली असे कोणी म्हटले काय? लाखो माणसे घरात बसली, दुसऱ्याच्या जिवासाठी बसली. ती सूट साऱ्यांना एकदम मिळाली म्हणून लाज वाटली नाही. एकट्याला घ्यावी लागते तेव्हा वाटते, एवढाच फरक.

ऋतुचर्येचा उपयोग इथे आहे. ती नेमाचे कारण म्हणून पुढे करू नये. नेम पाळताना दिवा म्हणून हाती असावी. वाग्भटांनी दोन ऋतूंच्या सांध्याचे चौदा दिवस सांगितले, मागच्याचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात. त्या दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडावी, नवी हळूहळू धरावी, एकदम बदल केला की दुखणी येतात. वारीला जाणाऱ्याने प्रस्थानाच्या आदल्या दिवशी चपला शोधण्याऐवजी महिनाभर आधी रोज थोडे थोडे चालू लागावे, हे त्याच धोरणाचे आहे. वाटेत पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले प्यावे. ओल्या कपड्यांत झोपू नये. भगर पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते. तिचे जुने पीठ उपवासाला वापरू नये, ताजे दळावे. आणि दिंडीच्या प्रमुखांनी नावे लिहून घेताना भिशीच्या रकमेबरोबर आणखी एक रकाना ठेवावा: कोणते औषध चालू आहे, आणि ते कोणाच्या पिशवीत आहे.