निष्ठा आणि कट्टरता

'कट्टर' हा शब्द आजकाल कौतुकाने वापरला जातो. दुचाकीवर, रिक्षाच्या काचेवर तो दिसतो. कोणी नेमाने मिस्साला येत असेल, उपवास पाळत असेल, तर आपणही 'तो कट्टर ख्रिस्ती आहे' असे सहज म्हणून जातो. पण श्रद्धा दृढ असणे आणि कट्टर असणे हे एकच आहे का?

काही जण म्हणतात, श्रद्धा जास्त झाली की माणूस अतिरेकी होतो. म्हणून ती बेतानेच असावी. हे आपल्याला पटणार नाही. संत मदर तेरेझांची श्रद्धा काही बेताची नव्हती. मग अतिरेक होतो तो कशाचा?

संत लूक एक प्रसंग सांगतो. येरुशलेमच्या वाटेवर एका शमरोनी गावाने प्रभू येशूला थारा दिला नाही. याकोब आणि योहान संतापले. आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करावे का, असे त्यांनी विचारले. त्यांचे प्रभूवर प्रेम होते यात शंका नाही. तरीही प्रभूने त्यांनाच दटावले आणि सर्व जण दुसऱ्या गावाला गेले. न्याय करणे हे देवाचे काम. ते त्याच्यावर सोपवण्याइतका विश्वास उरला नाही, की माणूस ते आपल्या हाती घेतो. अतिरेक तिथून सुरू होतो.

आपल्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. अंधश्रद्धेविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत आणि लिहीत होते. ज्यांना ते पटत नव्हते त्यांना बोलून, लिहून उत्तर देण्याची मोकळीक होती. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली; पण गेलेला माणूस परत येत नाही.

अशा वेळी इतरांकडे बोट दाखवणे सोपे असते. म्हणून आपल्या घरचा इतिहासही आठवू या. पोर्तुगीज अमलात गोव्यातील साष्टी भागात देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून किल्ल्यावर बोलावले आणि त्यांची हत्या केली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे संपले.

फादर थॉमस स्टीफन्स त्याच काळात तिथे होते. मारले गेलेले पाच जण त्यांचेच संघबंधू होते. स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांतले 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. त्यांची श्रद्धा कोणाहून कमी नव्हती. त्या काळातील सक्तीची आज आपल्याला लाज वाटते. त्या ओव्यांचे मोल मात्र ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही जाणतात.

ख्रिस्तसभेने यातून बोध घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले की धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या उपस्थितीत, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल देवाजवळ क्षमा मागण्यात आली.

खराडीत एकेका सोसायटीत अनेक धर्मांची, भाषांची कुटुंबे एकाच लिफ्टने ये-जा करतात. इथे कट्टरता पिस्तूल घेऊन येत नाही. 'त्यांच्या घरी जेवू नकोस' असे मुलाला सांगताना ती येते. खात्री न करता पुढे पाठवलेल्या संदेशातून येते. दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला कमी लेखताना येते.

मग आपल्या श्रद्धेचा कोणी अपमान केला तर गप्प बसायचे का? मुळीच नाही. सत्य स्पष्ट सांगावे, गरज पडल्यास कायद्याने दाद मागावी. मात्र समोरच्याचे वाईट व्हावे अशी इच्छा मनात आली, तर याकोब आणि योहान यांनी मागितलेला अग्नी आपणही मागत आहोत, हे ओळखावे.

जो आपल्यासारखा प्रार्थना करत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो? या आठवड्यात हा प्रश्न आपण प्रत्येकाने प्रभूसमोर स्वतःला विचारू या.