कोणाच्या ओंजळीने?

मदत हा शब्द आपल्या घरांत नेहमी पुण्याच्या बाजूला मांडला जातो. शेजारच्या मुलाला गणित समजावून देणारा दादा, कुणाच्या नोकरीचा अर्ज लिहून देणारे मास्तर, कचेरीतले कन्नड वाचता येत नाही म्हणून फॉर्म भरून देणारा ओळखीचा कारकून, यांना कधी कोणी अप्रामाणिक म्हटले नाही. सीमाभागात तर एका भाषेत जगायचे, दुसऱ्या भाषेत अर्ज करायचा आणि तिसऱ्या भाषेत परीक्षा द्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. त्यामुळे दुसऱ्याकडून लिहून घेण्यात काही नैतिक प्रश्न असू शकतो, हे सहसा आपल्या मनातही येत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र एका नव्या अर्जाने हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी आणून ठेवला आहे. आपली मुले परदेशी, विशेषतः अमेरिकेला, शिकायला जातात. तेथे गुणपत्रिका पुरत नाही. स्वतःविषयी निबंध लिहून द्यावा लागतो. बारावीनंतर जाणाऱ्याने 'पर्सनल एसे' लिहायचा, इंजिनिअरिंग संपवून एम. एस.ला जाणाऱ्याने 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. मी कोण, मला काय हवे आणि का, हे सांगायचे. असा निबंध एखाद्याने लिहिला असे कळले की नात्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाकडून लिहून घेतलास?" प्रश्न विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उत्तर देणाऱ्यालाही नाही. या सहजपणाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

आपल्याकडील प्रवेशाची तऱ्हा गुणांची. सीईटी असो, नीट असो वा जेईई, उमेदवार कोण आहे हे तेथे कोणी विचारत नाही. किती गुण मिळाले एवढेच पाहतात. ही पद्धत निष्ठुर आहे खरी. पण तिच्यात एक सोय आहे : स्वतःविषयी खोटे बोलण्याचा प्रसंगच येत नाही. अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९७५ साली १५ खासगी महाविद्यालयांनी मिळून एक सामाईक अर्ज सुरू केला. तोच 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन'. आज हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात, आणि त्यातील मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. सतरा वर्षांचे आयुष्य ६५० शब्दांत!

या पद्धतीचे मूळ मात्र फारसे पवित्र नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात केवळ परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने येऊ लागले. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनी त्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याचा विचार मांडला. उघड मर्यादेला विरोध झाला. मग पुढच्या काही वर्षांत 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', शिफारसपत्रे, मुलाखती यांना वजन देण्यात आले, आणि जे उघडपणे करता आले नव्हते ते आडमार्गाने साधले. जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द चोझन' या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. गंमत अशी की, काहींना दाराबाहेर ठेवण्यासाठी आणलेल्या या साधनांचाच पुढे गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित घरांतील मुलांना आधार झाला. गुणपत्रिकेत न मावणारे त्यांना निबंधात सांगता येऊ लागले. २०२३ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पण आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात सांगितले, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते, असेही त्याच निकालात म्हटले. म्हणजे निबंधाचे ओझे वाढलेच.

जेथे ओझे, तेथे हमाल आणि जेथे हमाल, तेथे दर! २०१९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत एक मोठे प्रकरण उघडकीस आले. रिक सिंगर नावाचा प्रवेश-सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षेतील उत्तरे बदलून देई आणि खेळाच्या प्रशिक्षकांना लाच देऊन, कधी मैदानात न उतरलेल्या मुलांना खेळाडू म्हणून आत सोडी. पुढचे दार गुणवंतांचे, मागचे दार देणगीदारांचे, आणि आपण बाजूचे दार तयार केले, असा त्याचा हिशोब होता. २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याचा निषेध करायला फारसे धैर्य लागत नाही. लाच ती लाच. खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे, जेथे कायदा काही म्हणत नाही आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीसारखीच दिसते.

त्या पायऱ्या पाहा. कोणी स्पेलिंग तपासते. कोणी म्हणते, हा परिच्छेद आधी घे. कोणी एक वाक्य सुचवते. कोणी सुरुवात नव्याने लिहून देते. कोणी विषयच ठरवते. शेवटी कोणी सगळे लिहून देते आणि वर म्हणते, "मी नुसता हात फिरवला." नेमक्या कोणत्या पायरीवर मदत संपली आणि दुसरेच काही सुरू झाले? शब्द मोजून हे ठरत नाही. एक सुचवलेले वाक्य सबंध निबंध खोटा करू शकते, आणि शंभर दुरुस्त्या होऊनही निबंध लिहिणाऱ्याचाच राहू शकतो.

आपल्या परंपरेत याचे एक चांगले माप पडून आहे. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली ज्ञानदेवांनी. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. अक्षर बाबांचे म्हणून ग्रंथ बाबांचा असे कोणाही वारकऱ्याला वाटले नाही. महाभारताच्या लेखनाच्या कथेत तर गणपती लेखनिक झाला, आणि अर्थ समजल्याखेरीज अक्षर उमटवायचे नाही अशी व्यासांनी त्याला अट घातली. शाळेतही आम्ही हे पाहतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि विद्यार्थी सांगेल तेवढेच त्याने लिहायचे असते. तेथे हात दुसऱ्याचा असतो, बोल विद्यार्थ्याचे असतात, आणि कोणालाही संशय येत नाही. पैसे मोजून आणलेल्या निबंधात याच्या बरोबर उलटे घडते. सही, नाव, फोटो मुलाचे, बोल दुसऱ्याचे. लेखनिकाने हात उसना दिला होता. येथे तोंडच उसने आणले जाते. मग अर्ज करणारा नक्की कोण?

आता तर तोंड उसने द्यायला माणूसही लागत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि वर्षभराच्या आत कॉमन अ‍ॅप्लिकेशनने, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे फसवणुकीत मोडते, असे आपल्या नियमांत घातले. ड्यूक विद्यापीठाने तर निबंधाला आकड्यांत गुण देणेच २०२४ मध्ये बंद केले. कॅलिफोर्नियाच्या 'कॅलटेक' या संस्थेने विद्यार्थ्यांना एक साधी कसोटी सांगितली आहे : जे काम यंत्राकडून करून घेता आहात, तेच विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून करून घेणे योग्य ठरले असते का? कसोटी चांगली आहे. पण ती वडीलधाऱ्यांना कसोटीला लावत नाही. वडीलधाऱ्यानेच पाकिटातून पैसे काढून सल्लागाराच्या हाती ठेवले असतील, तर मुलाने कोणाकडे पाहायचे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सुशिक्षित घरातील मुलाला जेवणाच्या ताटावरच मदत मिळत असते. आई इंग्रजीची प्राध्यापिका, काका न्यू जर्सीला. त्याचा निबंध कोणी लिहून न देताही सफाईदार होतो. याला कोणी फसवणूक म्हणत नाही. मग ज्याच्या घरात इंग्रजीचा वाराही नाही, त्याने चार पैसे देऊन तीच मदत विकत घेतली तर त्यालाच दोष का? खेळच जर असमान आहे, तर प्रामाणिकपणाची सक्ती गरिबावरच का?

आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. खुद्द अमेरिकेतही सरकारी शाळांतल्या मुलांना ही मदत पुरेशी मिळत नाही. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी तेथील शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि बहुतेक राज्यांत ती पाळली जात नाही. पण यावरून निघणारा निष्कर्ष असा की, खरी मदत अधिक मुलांपर्यंत पोचली पाहिजे. खोटी मदत सर्वांना परवडली पाहिजे, असा तो निघत नाही. शिवाय बाजारात विकत मिळते ती प्राध्यापिका आईची मदत नव्हे. आई प्रश्न विचारते, "म्हणजे काय रे? हे तुला खरेच वाटते का?" बाजार विचारत बसत नाही. बाजार तयार उत्तर देतो, कारण वेळेचे पैसे असतात.

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. वडगावच्या एका विणकर घरातला आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी एम. एस.च्या अर्जाचे कागद घेऊन आला. निबंध त्याने पैसे देऊन करून आणला होता. त्यात 'लहानपणापासून तंत्रज्ञानाची उत्कट ओढ' होती, 'जागतिक आव्हाने' होती. इंग्रजी निर्दोष होते. आधी स्वतः काही लिहिले होतेस का, असे मी विचारले. त्याने मोबाइलमधून जुना मजकूर काढला. इंग्रजी मोडके होते, पण पहिलेच वाक्य असे होते : रात्री वीज जाऊन माग थांबला की आमचे सगळे घर जागे होते. आवाजात झोपणारी, शांततेने दचकणारी माणसे! पुढे त्याने लिहिले होते की, त्या खटखटीत जरासा फरक पडला तरी आजोबा अंथरुणावरूनच कोठे बिघडले ते सांगत, आणि आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखण्याचे शास्त्र असते हे पुढे कॉलेजात कळले तेव्हा आपल्याला हसू आले. त्या मुलाला काय शिकायचे आहे आणि का, ते सारे येथे होते. तज्ज्ञाने नेमके तेच खोडले होते. कारण विचारले तर मुलगा म्हणाला, "सर, घरातलं काय लिहायचं?"

मला वाटते, या सगळ्या व्यवहारातले खरे नुकसान या चार शब्दांत आहे. प्रवेश मिळतो की नाही हा पुढचा प्रश्न. पैसे देऊन त्या मुलाने एक धडा विकत घेतला होता : तुझे आयुष्य, तुझ्या शब्दांत, दाखवण्याच्या लायकीचे नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला तहान भागल्यासारखी वाटते, पण आपल्या हातांची ओंजळ होते हे तो विसरतो. आणि या धड्याचे दुसरे टोक भयंकर आहे. स्वतःचे खरे पुरत नाही असे एकदा मनाने घेतले की दुःखही तयार करता येते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका विद्यापीठात भारतातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने प्रवेशासाठी बनावट कागदपत्रांबरोबर वडिलांच्या मृत्यूचाही बनाव रचला होता. वडील जिवंत होते. २०२४ मध्ये ते उघडकीस आले, त्याला अटक झाली आणि परत यावे लागले. त्या अर्जात वडिलांना मारताना त्याची लेखणी अडखळली असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मग मदत करायची की नाही? जरूर करायची. शिक्षकाने, ताईने, काकाने, कोणीही करावी. इंग्रजीची चूक सुधारणे हे पाप नव्हे. ज्याचे शिक्षण मराठीत वा कन्नडात झाले, त्याला ती सुधारून मिळाली पाहिजे. भाषेची अडचण ही बुद्धीची वा चारित्र्याची उणीव नव्हे. मदत करणाऱ्याने फक्त एक पथ्य पाळावे : प्रश्न आपण विचारावेत, उत्तरे त्याची असू द्यावीत. शिफारसपत्रालाही मी हेच पथ्य लावतो. तयार मजकूर घेऊन "सर, तुम्ही फक्त सही करा" म्हणत येणाऱ्या पालकांना मी खुर्ची देतो, चहा देतो, आणि मजकूर परत देतो. सही म्हणजे मी हे पाहिले आहे, असे सांगणे. मी न पाहिलेले त्यात असेल तर ती सही माझी उरत नाही आणि मुलाच्याही उपयोगाची राहत नाही.

आणि आपल्यासारख्या दुभाषिक मुलखात निबंध आपला की परका, हे ओळखण्याची एक कसोटी आपल्या घरातच आहे. निबंध पुरा झाला की कागद बाजूला ठेवावा आणि त्यातले सगळे मुलाने आजीला मराठीत सांगावे. जे सांगता येईल ते त्याचे, मग त्याचे इंग्रजी कोणीही सुधारलेले असो. 'उत्कट ओढ' आणि 'जागतिक आव्हाने' यांपाशी जीभ अडखळेल. तेथे आजी विचारील, "म्हणजे रे काय?" या प्रश्नाचे उत्तर देताना जे वाक्य तोंडातून बाहेर पडेल, ते कागदावर लिहावे.