नातजावयाच्या कोटातला माईक

इंग्लंडमध्ये १९९५ पासून नोंदणी विवाह कचेरीबाहेर, परवाना असलेल्या जागीही करता येतो. जुन्या धान्यकोठारांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले. अशाच एका कोठारातल्या लग्नाच्या फिल्मसाठी मी मराठी बोलण्याची इंग्रजी सबटायटल्स करत होते. समोरासमोर दोन थोरली दारे. मळणीच्या वेळी वारा आरपार वाहावा, भुसा उडून जावा म्हणून ठेवलेली. आता त्यांतून कॅमेऱ्यापुरता उजेड येतो. कॅमेरे लांब, म्हणून नवरदेवाच्या कोटात बारीकसा माईक.

नवरीच्या आजीने या नातजावयाला जवळ ओढले आणि कानात एक वाक्य सांगितले, स्वतःच्या संसाराविषयी. त्याला मराठी येत नाही. मला वाटते, म्हणूनच सांगितले. ते इथेही लिहीत नाही.

चित्रीकरणाला तिची हरकत नव्हती. कॅमेऱ्याकडे बघून ती हसलीही होती. पण चेहऱ्यासाठी दिलेली परवानगी कुजबुजीला लागू होते का? उलट, वाक्य त्याला सांगितलेले. ते समजून घेण्याचा हक्क त्याचा नाही का? आणि नातीला तर मराठी कळते. आजी नसेल तेव्हा तिच्याजवळ ते राहिले असते. मुळाशी इमान राखावे, असे मी वीस वर्षे सांगत आले. इथे मूळ कोणते, ध्वनिफीत की आजी?

‘इथला आवाज काढा,’ असे मी कळवले. फिल्मवाल्याने कारण न विचारता व्हायोलिन घातले.

आजीलाच विचारायला हवे होते. पण मग मी ऐकले, हे आधी तिला सांगावे लागले असते.