पाहुण्याचा मुक्काम

अतिथीला देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. पण हे सांगणे यजमानाला आहे. यजमानाने पाहुण्यात देव पाहावा. पाहुण्याने मात्र आपणच देव झालो असे समजून पाटावर बसून राहू नये!

आपली वारीच पाहा ना. आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी आषाढीला जाताना जालन्यावरून अंबड, शहागडच्या वाटेने गोदावरी ओलांडून बीडकडे जाते. गावोगाव लोक पंगती घालतात, थकले पाय चेपतात. पण मुक्काम सरला, विणेकरी उभा राहिला, की दिंडी हलली. कोणी कितीही आग्रह केला तरी पालखी अडून राहत नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी तेच गाव तितक्याच ओढीने वेशीवर उभे असते.

आता कोणी म्हणेल, "महाराज, यजमानच म्हणतो, ऱ्हा की वो, एवढी काय घाई?" अहो, तो तसेच म्हणणार, तो त्याचा धर्म आहे. त्याचे तोंड ऐकू नका, त्याचे घर ऐका. घरची माउली पदराआड शेजारी पीठ उसने मागायला जाते. लेकरांना 'तुम्ही मागून जेवा' म्हणून खुणावले जाते. पाऊस पडून गेला, रानात वापसा आला, तूर-मूग पेरायचे; तिफण दारात, आणि धनी तुमच्याशी गोष्टी बोलत बसलेला! तो वापसा गेला म्हणजे ओल गेली, आणि ओल गेली म्हणजे वर्ष गेले. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेली माणसे आहेत ही. त्यांच्या घरची एक घागरसुद्धा मोजून वापरावी.

तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे उगाच नाही झाली. आजाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला ठेवून घेणे ही सेवाच, तिथे दिवस मोजू नयेत.

मग राहायचेच झाले तर? शहागडाहून गोदेच्या वरल्या अंगाला पैठण आहे. तिथे नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे राहिला असे आपली परंपरा सांगते. पण राहिला तो कावडीने पाणी वाहत! आणि पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला. देव रागावला नाही, 'माझे आधी कर' म्हणाला नाही. एका विटेएवढी जागा घेतली आणि उभा राहिला. बाबांनो, पाहुणा असावा तर असा!

यजमानानेही ऋण काढून सण करू नये. "माउली, उद्या पेरणी आहे, तेवढी भाकरी बांधून देतो," असे गोड बोलून सांगावे. मनात कुढत वाढलेल्या पुरणपोळीपेक्षा मोकळ्या मनाने बांधून दिलेली भाकरी विठ्ठलाला अधिक पावते.

आणि शेवटी एवढेच, की हा देहही चार दिवसांचा मुक्कामच आहे. दुसऱ्याच्या घरून वेळेवर उठायला जो शिकला, त्याला इथून उठणेही जड जाणार नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!