आडवं पडलेलं भात

आमच्या भोर तालुक्यात शरद ऋतू झाडांच्या पानांवरून ओळखत नाहीत, भातावरून ओळखतात. पानगळ आपल्याकडं शिशिरातली. अश्विन-कार्तिकात झाडं हिरवीगारच असतात, रंग बदलतं ते खाचर. भात निसवलं की हिरव्यावर पोपटी झाक येते, दाणा भरत गेला की लोंबीचं टोक पिवळं पडतं आणि काडी हिरवीच राहते, आणि मग एका सकाळी सगळं खाचर हळद सांडल्यासारखं दिसतं. चार महिन्यांच्या पावसानं हवेतली धूळ खाली बसलेली असते. रायरेश्वराच्या पठारावर उभं राहिलं तर लांबचे डोंगर दोन पावलं पुढं सरकल्यासारखे वाटतात. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो, ऊन तिरकं पडायला लागतं आणि एकेका बांधाची सावली रेघेसारखी उमटते. हातात कॅमेरा असलेल्या माणसाला घरात बसवत नाही, असे ते दिवस.

१९९० नंतरची दहा-बारा वर्षं आमची अशी पाच-सात नादिष्टांची मंडळी होती. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी, एक एसटीचा कंडक्टर, एक मेडिकल दुकानवाला, फोटो स्टुडिओ चालवणारे काका, मी आणि आणखी एखाद-दुसरा. फोटोवर पोट असलेले एकटे काकाच, आणि त्यांचाही जीव लग्नाच्या फोटोंत फारसा रमत नसे. ३६ फोटोंचा रोल महिना-महिना पुरवायचा. एकेक खटका पैसे मोजून. रोल धुवायला पुण्याला जायचा आणि हातात पाकीट पडेपर्यंत आपण काय काढलंय ते विसरायलाही व्हायचं. वर्षभराचे निवडक फोटो कोजागरीच्या रात्री कुणाच्या तरी गच्चीवर मांडायचे. एकीकडं चुलीवर दूध आटतंय, दुसरीकडं सतरंजीवर, पिवळ्या बल्बखाली, फोटो. नियम एकच होता. ज्याचा फोटो, त्यानं शेवटी बोलायचं. आधी बाकीच्यांनी पाहायचं आणि मनात येईल ते स्पष्ट सांगायचं.

हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला अवघड. आपल्याकडं कुणी काही दाखवलं की "वा, छान!" म्हणायची रीत आहे. पाहुण्यानं ताटावरून उठताना "पोट भरलं" म्हणावं, तसं ते. त्यात खोटेपणा नसतो, पण त्यात पाहणंही नसतं. म्हणून आमच्यात नुसतं "छान" म्हणायला बंदी होती. छान असेल तर काय छान, ते सांगा. मग लोक सांगायला लागले. क्षितिज कलंडलंय. आकाश निम्म्याहून जास्त आलंय आणि त्यात ढग तर एकही नाही. विजेची तार मधून गेलीय. सावली छान धरलीस, पण माणूस कडेला कापला गेलाय. हळूहळू आमचे डोळे तयार झाले आणि आपण परीक्षण करायला शिकलो, असं आम्हाला वाटायला लागलं.

अशाच एका कोजागरीला गुरुजींनी एक फोटो मांडला. घाटरस्त्याच्या वळणावरून खालची खाचरं टिपलेली. भात एका दिशेनं, मग दुसऱ्या दिशेनं वळून आडवं झालेलं, जणू कुणी भल्यामोठ्या कंगव्यानं भांग पाडले असावेत. तिरक्या उन्हात त्या वळणांना चकाकी आलेली. मागं गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'शरदाची नक्षी'. सगळे खूश झाले. काकांनी तर फोटो मोठा करून शाळेत लावायचं सुचवलं.

ज्या घराची गच्ची होती, त्या घरचे थोरले भाऊ दूध ढवळत बसले होते. ते शेती पाहायचे, आमच्या नादात कधी नव्हते. त्यांनी धोतराला हात पुसले, फोटो घेतला आणि बल्बजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"गुर्जी, ह्यो फोटू कवाचा?"

"गेल्या सालचा. दिवाळीच्या आधी तो पाऊस झाला ना, त्यानंतरचा." नियम मोडून गुरुजी बोलले.

"आंबेमोर हाय. पार झोपलाय. खाली पाणी दिसतंय, म्हंजी कोंब फुटलं आसत्याल." मग फोटो परत देत म्हणाले, "फोटू चांगला हाय. पर नक्षी न्हाई ही."

एवढं बोलून ते दुधाकडं वळले. आवाजात राग नव्हता.

ज्यांचा भाताशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबेमोहराची काडी उंच आणि नाजूक. लोंबी भरली की तिचं वजन शेंड्याला येतं. त्या नेमक्या वेळी परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला की पीक लोळतं. लोंब्या चिखलात, पाण्यात पडतात. दोन-चार दिवस पाणी हटलं नाही तर दाण्याला तिथंच कोंब येतात, उरलेला दाणा काळपटतो. कापणीला वेळ दुप्पट लागतो, कारण विळा घालायला काडी उभी नसते, एकेक मूठ उचलून सोडवावी लागते. पेंढा कुजला तर जनावरं तोंड लावत नाहीत. म्हणजे माणसांचा आणि गुरांचा, दोघांचाही वर्षाचा घास त्या चकाकत्या वळणांत अडकलेला असतो.

त्या रात्री दूध प्यायचं राहून वाद सुरू झाला. मेडिकलवाला म्हणाला, "फोटोनं फोटोचं काम केलं. रेषा चांगल्या, प्रकाश चांगला. भाताचं काय झालं हा शेतकी खात्याचा प्रश्न." कंडक्टरचं उलटं. त्याच्या घरी दीड एकर भात. तो म्हणाला, "मग असला फोटो दाखवूच नये. कुणाच्या तिरडीवरची फुलं सुंदर म्हणून आपण फोटो काढतो का?" दोघंही तावातावानं बोलले. मेडिकलवाला तर पुढच्या दोन बैठकांना आलाच नाही.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की दोघांनीही थोरल्या भावांचं बोलणं अर्धंच ऐकलं होतं. ते दोन वाक्यं बोलले होते. पहिलं, फोटो चांगला आहे. दुसरं, ही नक्षी नाही. पहिलं वाक्य त्यांनी भिडेखातर म्हटलं नव्हतं. आडवं पडलेलं भात वरून पाहिलं तर देखणं दिसतंच. डोळा काही सातबारा पाहून सुखावत नाही. शेतकऱ्याला सौंदर्य कळत नाही, त्याला फक्त पोटाची चिंता, हा गावाबाहेरच्यांचा समज आहे. पिकलेल्या खाचराच्या बांधावर विनाकारण दहा मिनिटं उभे राहिलेले शेतकरी मी आयुष्यभर पाहिलेत. तेव्हा दुसऱ्याच्या नुकसानीत रूप दिसणं हा गुन्हा नाही. हरकत होती ती दुसऱ्या गोष्टीला, नावाला. नुकसानीला शोभेचं नाव दिलं की पाहणाऱ्याला पुढं विचारायला काही उरत नाही. तो खूश होऊन पान उलटतो.

हेच रंगाचं. १९९० साली फुजी कंपनीची वेल्व्हिया नावाची स्लाइड फिल्म आली आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी ती जगभर उचलून धरली, कारण तिच्यावर रंग डोळ्याला दिसतात त्याहून गडद उमटतात. परदेशी कॅलेंडरांवर मेपलच्या तांबड्या-नारिंगी जंगलांचे फोटो असायचे. ते त्यांच्याकडचं खरं शरद. तिथं पानं खरोखरच तशी पेटतात. पण ते पाहून आमच्यातल्या एकानं तपकिरी फिल्टर लावून हिरडस मावळातली खाचरं तांबूस करून आणली. फोटो झकास होता. फक्त दाणा दुधात असलेलं भात त्यात कापणीला आल्यासारखं दिसत होतं. शहरातल्या माणसाला रंग म्हणजे सजावट वाटेल. भात करणाऱ्याला रंग म्हणजे बातमी असते. विळा कधी घालायचा ते तो रंगावरून ठरवतो. तेव्हा रंग किती वाढवावा, हा प्रश्न आवडीनिवडीचा जसा आहे, तसाच खऱ्या-खोट्याचाही आहे.

मग कॅमेऱ्यानं दिलं तेवढंच पवित्र मानायचं का? तसंही नाही. स्टुडिओवाले काका या बाबतीत अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं उदाहरण द्यायचे. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यानं टिपला. खाली छोटं गाव, कबरस्तानातले क्रूस मावळत्या उन्हात पांढरे झालेले. हा फोटो त्यानं पुढं अनेक वर्षं पुन्हापुन्हा छापला आणि आकाश गडद करत करत जवळजवळ काळं केलं. अ‍ॅडम्स मुळात पियानो शिकलेला. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली चीज आणि छापणं म्हणजे तिचं गायन, असं तो मानायचा. इथपर्यंत आपलंही मन मानतं. तीच चीज दोन गायक वेगळी गातात.

पण १९४४ मधला त्याचा दुसरा एक प्रसिद्ध फोटो आहे, कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळचा. मागं सिएरा नेवाडाची उजळलेली बर्फाची शिखरं, मधे काळी टेकडी, पुढं उन्हात चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या पोरांनी चुन्यानं गावाची आद्याक्षरं रंगवली होती. अ‍ॅडम्सनं ती फोटोतून पुसून टाकली. आपण ती पुसली हे त्यानं लपवलं नाही, उघड लिहिलं. त्याच्या लेखी ती अक्षरं म्हणजे डोंगरावरचा व्रण. पण त्या पोरांच्या लेखी? चुन्याची बादली घेऊन टेकडी चढलेल्या पोरांना ते आपलं गाव वाटलं असणार.

आमच्या चर्चेत विजेचा खांब यायचा तो याच वळणावर. खांब आला की फोटो बिघडला, असं आमचं ठरलेलं. पण ज्या वाडीत वीज उशिरा पोचली, तिथल्या माणसाला विचारा. त्या अख्ख्या देखाव्यात त्याला अभिमान वाटावा अशी एकच वस्तू असते, तो खांब. खांब चौकटीबाहेर ठेवायचा हक्क फोटो काढणाऱ्याला आहेच. मात्र वाडी 'अस्पर्श' आहे असं लिहायचा हक्क त्याला नाही.

गुरुजींनी त्या फोटोचं काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी तो फाडला नाही आणि लपवलाही नाही. मागची 'शरदाची नक्षी' खोडली, खाली गावाचं नाव आणि महिना लिहिला आणि पुढं लिहिलं, 'परतीच्या पावसानं आडवं पडलेलं भात'. फोटो शाळेत लागला. पोरं त्याच्यासमोर थांबायची. जी पोरं भाताच्या घरची होती ती इतरांना बोट दाखवून सांगायची की इथं पाणी साचलंय, इथलं वाचलं असेल. फोटो तोच, चकाकीही तीच. आता तो पाहायला लोकांना जास्त वेळ लागत होता.

चांगली टीका म्हणजे काय, याचं माझ्यापाशी असलेलं मोजमाप हे एवढंच आहे. टीकेनंतर पाहणारा त्या फोटोसमोर जास्त वेळ थांबला पाहिजे. चूक काढून माणसाला गप्प करणं सोपं असतं. महिनाभर जपून सहा फोटो काढलेल्या कंडक्टरला "एकही धड नाही" म्हणायला काही अक्कल लागत नाही आणि त्यातून कुणाच्या डोळ्यात भरही पडत नाही. उलट मन राखायला खोटी तारीफ केली तर आपण त्याच्या कष्टाचा मान ठेवला असंही होत नाही. डोंगर चढून, पहाटेचं दव अंगावर घेऊन त्यानं काहीतरी आणलंय. ते नीट पाहणं हीच त्याची कदर. थोरल्या भावांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्यांची टीका सगळ्यांत मोलाची ठरली. त्यांनी मत द्यायच्या आधी फोटो उजेडात नेला, आणि तोंड उघडलं ते प्रश्न विचारायला: कधीचा?

आता फोटो फुकट झालाय. कोजागरीची वाट पाहावी लागत नाही. खाचरातून उठेपर्यंत फोटो शंभर जणांकडं पोचतो आणि शंभर वेळा "छान" येऊन आदळतं. कुणी तुम्हाला शरदातल्या सोनेरी शेताचा असा फोटो दाखवला, तर जरूर कौतुक करा, क्षितिज कलंडलं असेल तर तेही सांगा. पण त्याआधी त्याला विचारा, शेत कुणाचं होतं, कधीचा फोटो, आणि ते भात शेवटी घरात आलं का. त्याला माहीत नसलं तरी हरकत नाही. पुढच्या खेपेला तो कॅमेरा खाली ठेवून बांधावरच्या माणसाशी दोन शब्द बोलेल.